इतिहासाच्या तासाला माजी सैनिकांना बोलवायचं असेल तर

पुण्यात माजी सैनिक शोधायला लांब जावं लागत नाही. दक्षिण कमांडचं मुख्यालय इथं, खडकीला बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्करातल्या अभियंता जवानांचं केंद्र, दापोडीला सीएमई हे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, वानवडीला एएफएमसी हे लष्करी वैद्यकीय महाविद्यालय आणि कमांड हॉस्पिटल, लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए. साळुंके विहारमध्ये निवृत्त अधिकारी राहतात, दिघी-धानोरी-विश्रांतवाडीकडे निवृत्त जवानांची घरं आहेत. सातारा-सांगलीकडचे कितीतरी माजी सैनिक शहरातल्या बँकांच्या दारात आणि सोसायट्यांच्या गेटवर दुसरी नोकरी करताना रोज भेटतात. शाळेत मात्र ते दिसतात २६ जानेवारीला, व्यासपीठावर, खांद्यावर शाल घेऊन.

हा कार्यक्रम कसा होतो ते आपण सगळे जाणतो. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ, मग अध्यक्षांचे दोन शब्द. पाहुण्यांच्या वाट्याला पंधरा मिनिटं उरतात. त्यात ते शिस्त पाळा, मोबाइल कमी वापरा, देशासाठी काहीतरी करा, असं सांगतात आणि टाळ्या घेऊन बसतात. ज्या माणसानं कारगिलजवळच्या द्रासच्या थंडीत तीन महिने काढले, त्याच्याकडून आपण मोबाइलवरचं प्रवचन ऐकतो, कारण दुसरं काही विचारलेलंच नसतं.

राज्य मंडळाच्या नववीच्या इतिहासाचा पहिलाच पाठ इतिहासाच्या साधनांवर आहे आणि त्यात मौखिक साधनं येतात. माजी सैनिक हे असं साधन आहे. आदर ठेवायचा, पण साधनाला जसे प्रश्न विचारतात तसे विचारायचे आणि जे सांगितलं ते नंतर पडताळून पाहायचं. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे. सत्काराचा कार्यक्रम करायचा असेल तर इतका खटाटोप लागत नाही.

आधी पाठ, मग माणूस

‘कोणीतरी फौजी बोलावू या’ इथून सुरुवात केली की गाडी सत्काराकडेच जाते. आधी पाठ ठरवा. नववीच्या राज्यशास्त्रात भारताच्या सुरक्षा व्यवस्थेवर पाठ आहे, परराष्ट्र धोरणावर आहे, संयुक्त राष्ट्रांवर आहे, आणि इतिहासात १९६० नंतरच्या घडामोडी आहेत. पुस्तकं बदलली तरी हे विषय कुठे ना कुठे राहतातच. संयुक्त राष्ट्रांच्या पाठाला युद्धातला सैनिक कशाला हवा? काँगो किंवा सोमालियातल्या शांतिसेनेत भारतीय तुकड्या होत्या. निळं हेल्मेट घालून परक्या देशात गस्त घातलेला हवालदार मिळाला, तर ‘शांतिसेना म्हणजे काय’ ही पाच गुणांची टीप मुलांना आयुष्यभर पाठ करावी लागणार नाही.

पाठ ठरला की एक प्रश्न लिहून काढा, एकच: या माणसाकडून असं काय कळेल जे पुस्तकात नाही? उदाहरणार्थ, ‘१९८७ ते १९९० मध्ये श्रीलंकेत गेलेल्या जवानांना तिथं जाताना काय सांगितलं होतं आणि तिथं गेल्यावर काय दिसलं?’ शांतिसेना म्हणून गेलेल्या त्या मोहिमेत सुमारे १,२०० भारतीय सैनिकांचा मृत्यू झाला, आणि पाठ्यपुस्तक ते एक-दोन ओळींत उरकतं. अशा जागी जिवंत माणूस हवा.

युद्धच असायला हवं असंही नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्याच्या आदल्या रात्री धरणाच्या भिंतीवर वाळूची पोती रचणारे लष्कराचे जवान होते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर, सगळीकडे लष्कर मदतीला होतं. किल्लारीत ढिगारे उपसलेला माणूस सहावी-सातवीच्या वर्गालाही बोलावता येतो. युद्धकथा मात्र नववीच्या खाली नेऊ नयेत, असं माझं मत आहे.

वयाचं गणित

१९७१ च्या डिसेंबरात वीस वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. १९६५ वाले ऐंशीच्या पुढे गेले. १९६२ चा साक्षीदार भेटला तर त्याच आठवड्यात घरी जाऊन बोला, शाळेत येण्याचा आग्रह धरू नका. या पिढ्यांच्या बाबतीत ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्याची सोय नाही.

कारगिलचं वेगळं आहे. १९९९ मध्ये बावीसचा असलेला शिपाई आज पन्नाशीच्या आत-बाहेर आहे. जवान तरुण वयातच निवृत्त होतात, त्यामुळे तो बहुधा दुसऱ्या नोकरीत असतो. सियाचिनचंही तसंच. तिथं १३ एप्रिल १९८४ पासून सैन्य आहे, म्हणजे वेगवेगळ्या दशकांतले साक्षीदार मिळतात आणि त्यांच्या सांगण्याची तुलना करता येते: बूट कसे होते, तंबू कसले होते, जेवण कसं गरम व्हायचं.

‘आघाडीवर होतात का?’ ही चाळणी लावू नका. सिग्नलचा माणूस, रसदीचा ट्रक चालवणारा, लष्कराची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमईतला मेकॅनिक, लष्करी रुग्णालयातल्या नर्सिंग ऑफिसर यांना युद्धाचा जो भाग दिसतो तो रायफलवाल्याला दिसत नाही. पुण्यातल्या मुलांसाठी सॅपर तर फार जवळचा. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांना परमवीर चक्र मिळालं ते ८ ते ११ एप्रिल १९४८ या दिवसांत नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे शत्रूच्या माऱ्यात दूर करून रणगाड्यांना वाट करून दिल्याबद्दल. राणे यांच्यावर एक तास घ्या आणि मग खडकीचा एखादा निवृत्त सॅपर बोलवा. मुलं ‘तुम्ही किती गोळ्या झाडल्या’ऐवजी ‘सुरुंग कसा सापडतो’ हे विचारतील.

कुठे शोधायचं

पहिली जागा तुमचाच वर्ग. ‘घरात, नात्यात, सोसायटीत कोणी सैन्यात होतं का?’ अशी चिठ्ठी पालकांना पाठवा. आजोबा, मामा, शाळेच्या बसचे ड्रायव्हरकाका, अशी नावं येतात. शाळेचा सिक्युरिटी सुपरवायझर स्वतः माजी सैनिक असणं पुण्यात अगदी सर्रास आहे, आणि त्याला इतिहासाच्या शिक्षकांनी कधी विचारलेलं नसतं.

दुसरी जागा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. शाळेचा त्यांच्याशी संबंध आधीच असतो. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी शाळा गोळा करतात, त्याचा पत्रव्यवहार ऑफिसातल्या फाइलमध्ये सापडेल. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालयही पुण्यातच आहे. फोन नंबरांची यादी मागू नका. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र द्या, त्यात पाठ, इयत्ता आणि कोणत्या काळातला अनुभव हवा ते लिहा, आणि ते इच्छुकांपर्यंत पोहोचवण्याची विनंती करा. ओळखीबाहेरचा माणूस बोलवायचा असेल तर हाच मार्ग बरा, कारण माजी सैनिक असल्याची खातरजमाही आपोआप होते. छाती भरून पदकं लावून फिरणारे तोतये अधूनमधून पकडले जातात. माजी सैनिकाचं ओळखपत्र पाहायला मागण्यात अपमान काही नाही, खरा सैनिक ते आनंदानं दाखवतो.

खडकीला युद्धात आणि सेवेत कमरेखालचं बळ गमावलेल्या सैनिकांचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तिथल्या लोकांना शाळेत आणण्यापेक्षा, केंद्राची रीतसर परवानगी काढून आठ-दहा मुलांचा गट तिकडे नेणं सोयीचं. जाण्याआधी मुरलीकांत पेटकर यांच्याबद्दल वाचून घ्या. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. ‘बिचारे’ या नजरेनं पाहायचं नाही, हे मुलांना यातून सांगावं लागत नाही.

वीरपत्नी आणि वीरमाता यांनाही बोलावता येतं. पण तो अगदी वेगळा, नाजूक तास आहे. पहिल्याच वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

फोन, पत्र, पाकीट

पहिला संपर्क शक्यतो ओळखीच्या माणसामार्फत करा. फोनवर दोन वाक्यांत सांगा: भाषण नको, मुलांच्या प्रश्नांना उत्तरं हवीत. पुष्कळजण इथं ‘अहो सर, मी साधा हवालदार होतो, एखादे कर्नलसाहेब बघा’ म्हणतात. तेव्हा म्हणायचं की कर्नलसाहेबांना नकाशा दिसत होता, तुम्हाला डोंगर दिसत होता, आम्हाला डोंगर हवाय.

मग लेखी पत्र. मजकूर साधारण असा असावा:

‘आदरणीय सुभेदार साहेब, सप्रेम नमस्कार. आमच्या शाळेत नववीला भारताच्या सुरक्षा व्यवस्थेवरील पाठ सुरू आहे. आपण १९९९ मध्ये कारगिल भागात कर्तव्यावर होता असे समजले. एका वर्गातील मुले आपल्याला प्रश्न विचारतील व आपण त्यांच्याशी बोलावे अशी विनंती आहे. एकूण वेळ सत्तर मिनिटे. ज्या विषयावर बोलायचे नसेल तिथे आपण फक्त “पुढचा प्रश्न” म्हणावे, त्याचे कारण कोणी विचारणार नाही. त्याआधी आपल्या सोयीने घरी येऊन भेटण्याची इच्छा आहे. येण्याजाण्याची व्यवस्था शाळा करेल.’

‘त्याचे कारण कोणी विचारणार नाही’ हे वाक्य गाळू नका. बरेच होकार त्याच्यावरच येतात.

पैशाचा विषय पुणेकर टाळतात, पण टाळू नये. सिक्युरिटीत बारा तासांची ड्युटी करणाऱ्या माणसाचा शाळेत येण्यानं दिवसाचा पगार बुडतो. त्यांच्या एजन्सीला किंवा बँकेच्या शाखेला शाळेच्या लेटरहेडवर पत्र देऊन सुटी मागा, आणि प्रवासखर्च-मानधनाचं पाकीट बंद करून, आधीच, घरच्या भेटीत द्या. मुलांसमोर नको. शाल-श्रीफळाचा खर्च वाचवला की हे पैसे निघतात.

तारखेचं म्हणाल तर २६ जुलै (कारगिल विजय दिवस), १६ डिसेंबर (१९७१ चा विजय दिवस), १५ जानेवारी (लष्कर दिन) आणि २६ जानेवारी हे दिवस सोडा. त्या दिवशी बोलणारे लोक सगळीकडे वाटले गेलेले असतात आणि शाळेतही उत्सवी वातावरण असतं. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ असते. गणपती, दिवाळी, परीक्षा वजा केल्यावर ऑगस्टचा पूर्वार्ध किंवा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हाती राहतो.

घरची भेट

सगळ्यात जास्त फळ देणारी पायरी ही, आणि नेमकी हीच वगळली जाते. चहाला जा, तासभर बसा. वही काढण्याआधी थोडं ऐका. मग हे विचारून घ्या: कोणत्या साली भरती, कोणतं युनिट, कुठे कुठे पोस्टिंग, कोणत्या घटनेबद्दल बोलायला आवडेल, आणि कशाबद्दल अजिबात विचारायचं नाही. शेवटचा प्रश्न दोनदा विचारा, एकदा सुरुवातीला आणि एकदा निघताना. दुसऱ्यांदा उत्तर वेगळं येतं.

बारीकसारीक गोष्टीही इथंच कळतात. तोफखान्यात किंवा रणगाड्यांवर आयुष्य काढलेल्या अनेकांना कमी ऐकू येतं, मुलांनी कोणत्या बाजूनं बोलायचं ते विचारा. गुडघे दुखत असतील तर तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग तळमजल्यावर हलवा. मधुमेह असेल तर जेवणाची वेळ सांभाळा. पंचवीस-तीस वर्षं फौजेत राहिलेला माणूस हिंदी-मराठी मिसळून बोलतो, त्याला शुद्ध मराठी बोलायला लावलं की तो गप्प होतो. जसं येतं तसं बोलू द्या.

घरच्यांशीही बोला. वहिनी किंवा काकू चहा आणून ठेवून दारात उभ्या राहतात, त्यांना बसायला सांगा. एपीओच्या, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाच्या पत्त्यावर टाकलेली पत्रं, म्हणजे ‘केअर ऑफ ५६ एपीओ’ एवढाच पत्ता आणि नवरा देशात नेमका कुठे आहे ते माहीत नाही, हा इतिहास त्यांच्याकडे असतो. तयार असतील तर दोघांनाही वर्गात बोलवा. ट्रंकेत जपलेलं एखादं पत्र, फोटो, डायरी मिळाली तर त्याची झेरॉक्स काढून मूळ तिथल्या तिथं परत करा.

गावाकडे कोणत्याही फौजीला सरसकट ‘मेजर’ म्हणतात. वर्गात तसं चालत नाही. हुद्दा आणि नाव नीट लिहून घ्या. ऑनररी कॅप्टन असतील तर तसं, नाईक असतील तर तसं.

मुलांची तयारी

किमान दोन तास हवेत. पहिला तास नकाशाचा. पुण्याहून जम्मूकडे जाणारी झेलम एक्सप्रेस ही जवानांची पिढ्यान्‌पिढ्यांची गाडी. तिचा मार्ग मुलांना भारताच्या नकाशावर काढू द्या, मग जम्मूपासून पुढे पाहुण्यांच्या पोस्टिंगपर्यंत रस्ता. ठिकाणाची उंची शोधून सिंहगडाशी तुलना करा. द्रास सुमारे ३,३०० मीटरवर आहे, सिंहगड १,३०० च्या आसपास, आणि लढाई झाली ती शिखरं द्रासच्याही कितीतरी वर. एवढं केलं तरी ‘चढून गेलो’ या दोन शब्दांचं वजन मुलांना कळतं. त्याच तासात शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंतची आणि लेफ्टनंटपासून पुढची उतरंड फळ्यावर लिहा. सेक्शन, प्लॅटून, कंपनी, बटालियन म्हणजे किती माणसं, ते सांगा. नाहीतर पाहुणे ‘आमची डेल्टा कंपनी’ म्हणतील आणि मुलांना वाटेल की ते कारखान्याबद्दल बोलतायत.

दुसरा तास प्रश्नांचा. आधी प्रत्येकाला मनात येतील ते प्रश्न लिहू द्या, नाव न घालता. ‘तुम्ही किती जणांना मारलं?’ हा प्रश्न येणारच. दरवर्षी येतो. रागावू नका, फळ्यावर लिहा आणि वर्गालाच विचारा: याचं उत्तर देणाऱ्याला काय वाटेल? उत्तर मिळालं तर आपण त्याचं काय करणार? आकडा कळून आपल्याला काय समजेल? दहा मिनिटांत मुलं स्वतःच ठरवतात की हे दार उघडायचं तर पाहुण्यांनीच उघडावं. ज्या कुतूहलातून तो प्रश्न आला ते मात्र खरं असतं, त्याला दुसरी वाट द्या: ‘सगळ्यात अवघड दिवस कोणता होता, सांगावंसं वाटलं तर सांगाल?’

‘तुम्हाला अभिमान वाटला का?’ या प्रश्नाला ‘हो’शिवाय उत्तर नाही, म्हणून तो वाया जातो. वस्तू, वेळ, शरीर आणि माणसं यांच्याबद्दलचे प्रश्न बोलतं करतात. भरती झालात त्या दिवशी काळ्या ट्रंकेत काय काय होतं? प्यायचं पाणी कुठून यायचं? आदेश कोणी दिला, आणि तो का दिला हे तुम्हाला सांगितलं होतं का? तुमच्या कंपनीत कोणकोणत्या भागातली माणसं होती, एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचात? लढाई थांबली हे कसं कळलं? समोरच्या सैनिकाचं प्रेत, त्याच्या खिशातलं पत्र असं काही पाहिलंत का, तेव्हा काय मनात आलं? (हा प्रश्न घरच्या भेटीत विचारून संमती घेतली असेल तरच.) पेपरात तेव्हा जे छापून यायचं ते वाचायला मिळायचं का, आणि ते खरं वाटायचं का? घरी परतल्यावर पहिला आठवडा कसा गेला?

प्रश्न वाटून द्या. पाच-सहा गट, प्रत्येकाकडे दोन प्रश्न आणि एक उपप्रश्न. ‘म्हणजे नेमकं काय?’ आणि ‘मग पुढे?’ हे दोन उपप्रश्न कुठेही चालतात.

वर्गात ज्या मुलाचे वडील किंवा आई सध्या सैन्यात आहेत, त्याच्याशी आधी एकट्यानं बोला. त्याला त्या तासाला बसायचं नसेल तर ग्रंथालयात बसू द्या, कारण न सांगता.

त्या दिवशी

जोडतास घ्या. एकच वर्ग. ‘एवढे मोठे पाहुणे आलेत तर पूर्ण शाळेला ऐकू द्या’ असं कोणीतरी म्हणणारच, आणि मैदानावर चारशे मुलं बसवली की संवाद संपला, भाषण सुरू. इथं ठाम राहा.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना दोन शब्द बोलायचे असतातच. त्यांना आभार द्या, प्रास्ताविक देऊ नका. आभार तासाची घंटा झाल्यावर होतात. सत्कार करायचाच असेल तर आधी मुख्याध्यापकांच्या ऑफिसात, चहासोबत, पाच मिनिटांत.

वर्गात बाकं अर्धवर्तुळात, पाहुण्यांना हाताची खुर्ची, बाजूला पाणी, मागे नकाशा. गणवेशाचा आग्रह धरू नका. ब्लेझरवर पदकं लावून आले तर उत्तम, साध्या शर्टात आले तरी तितकंच उत्तम. पदकं, फोटो, मेसटिन (जवानाचा जेवणाचा डबा), जुना स्वेटर अशा वस्तू आणायला सांगा. शस्त्र, दारूगोळा, अगदी रिकामं काडतूसही नको.

पहिला प्रश्न शिक्षकांनी विचारावा आणि तो सोपा असावा: ‘भरतीला कुठे गेला होतात?’ पहिल्या दोन मिनिटांत माणूस रुळला की पुढचा तास आपोआप चालतो. दोन मुलं टिपणं घेतील, एक नकाशावर खुणा करेल, एकाकडे घड्याळ. रेकॉर्डिंग संमती असेल तर आणि शाळेच्या फोनवरच. मुलांचे चेहरे आणि पाहुण्यांचं नाव असलेला व्हिडिओ संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागला, तर दोघांच्याही संमतीला अर्थ राहत नाही. वर्गात शिक्षक पूर्णवेळ हजर हवेत, हे कोणत्याही बाहेरच्या पाहुण्याला लागू आहे.

अडचणीच्या जागा

आवाज दाटला, डोळे भरले, तर घाईनं पुढचा प्रश्न टाकू नका. मुलं गप्प बसतील, त्यांना बसू द्या. पाणी पुढे करा. अर्धा मिनिट थांबून ‘इथं थांबू या का, की दुसऱ्या विषयाकडे जाऊ?’ असं हळू विचारा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. संध्याकाळी फोन करा. दुसऱ्या दिवशीही करा. जुनं उकरून निघाल्यावर झोप उडते, ती घरच्यांना भोगावी लागते.

एखाद्या देशाबद्दल किंवा समाजाबद्दल वाक्य घसरलं, तर पाहुण्यांचा अपमान न करता प्रश्न वळवा: ‘तिथली गावातली साधी माणसं तुमच्याशी कशी वागायची?’ अनुभवाकडे परत आणलं की बहुतेकजण फार समतोल बोलतात. ज्यानं समोरासमोर लढाई केली आहे त्याच्या तोंडी शत्रूबद्दल जितका आदर ऐकू येतो, तितका न लढलेल्यांकडे नसतो, हे मला दरवेळी जाणवतं. फळ्यावर आधीच दोन रकाने करून ठेवा, ‘पाहिलं’ आणि ‘वाटतं’. अग्निवीर योजना बरी की वाईट, वन रँक वन पेन्शन, सरकार असं का करतं, ही उत्तरं दुसऱ्या रकान्यात जातात. तीही मोलाची, पण मतं म्हणून.

सगळं सांगता येत नाही, हेही मुलांना कळू द्या. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ निवृत्तीनंतरही लागू असतो. आजच्या तैनाती, शस्त्रांचे तपशील, छावण्यांच्या आतल्या गोष्टी यांवर प्रश्न नकोतच. आणि ‘भरती कशी होता येईल?’ हा प्रश्न तास संपल्यावर ज्यांना हवं त्यांनी ओट्यावर विचारावा. नाहीतर शेवटची वीस मिनिटं उंची, छाती आणि सोळाशे मीटर धावण्यात जातात.

अतिशयोक्ती झाली तर? वर्गात दुरुस्त करू नका. ते काम पुढच्या तासाचं.

नंतरचं काम

दोन-तीन दिवसांच्या आत एक तास पडताळणीचा घ्या. टिपणातली प्रत्येक तारीख, जागा, संख्या वेगळी काढा आणि ती कशानं तपासता येईल ते ठरवा. शौर्य पदकांची मानपत्रं केंद्र सरकारच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर आहेत. कारगिलसाठी के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या आढावा समितीचा अहवाल आहे, तो २००० मध्ये संसदेत मांडला गेला. त्या आठवड्याची मराठी वर्तमानपत्रं ग्रंथालयात मिळतात. काही जुळेल, काही जुळणार नाही. न जुळलेलं जास्त कामाचं. तारीख दोन दिवसांनी चुकली असेल तर ती माणसाच्या आठवणीची रीत आहे. पण ‘आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं’ असं जवान म्हणतो आणि अहवालात तयारीची पानं भरलेली असतात, तेव्हा दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का, यावर नववीची मुलं छान भांडतात. बखरीतली संख्या आणि समकालीन पत्रातली संख्या यांत फरक का, हे ज्यांना शिकवून समजत नव्हतं, त्यांना ते इथं समजतं.

जमलं तर त्याच मोहिमेतला दुसरा साक्षीदार महिन्याभरानं बोलवा, शक्यतो वेगळ्या हुद्द्याचा. १९७१ साठी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतला निवृत्त कामगारही चालेल. १८६९ पासूनच्या त्या कारखान्यात लढाईच्या दिवसांत पाळ्या कशा चालायच्या, हा त्याच युद्धाचा पुण्यातला भाग आहे. आजी-आजोबांकडून ब्लॅकआउटच्या आठवणी आणायला सांगा.

सहल काढायची असेल तर घोरपडीजवळचं दक्षिण कमांडचं राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. १९९८ मध्ये खुलं झालं, नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं. खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत. तिथं मुलांना धावपळ न करता एकेका दगडावरचं वय वाचायला सांगा. एकोणीस, बावीस, वीस. मुळशी-मावळ-भोरकडच्या गावांतून आलेली मुलं असतील तर, ‘या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके परतले नाहीत’ असं कोरलेला दगड गावच्या चावडीवर किंवा देवळाजवळ आहे का, ते सुटीत बघून यायला लावा. महाराष्ट्रात असे दगड पुष्कळ गावांत आहेत आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

आभाराची पत्रं मुलांनी हातानं लिहावीत आणि प्रत्येकानं त्यात पाहुण्यांनी सांगितलेली एक नेमकी गोष्ट घालावी. ‘तुमचे भाषण खूप प्रेरणादायी होते’ असं वाक्य आलं की पत्र परत द्या.

शेवटी टिपणांवरून सलग मजकूर तयार करून त्याची छापील प्रत पाहुण्यांच्या घरी न्या, आणि लाल पेनही द्या. जे खोडतील ते खोडू द्या, विनावाद. खोडलेला भाग रेकॉर्डिंगमधूनही काढा. मग त्यांची सही, तारीख, ‘शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्यास संमती’ किंवा ‘फक्त वर्गापुरते’ यांपैकी एकावर खूण, आणि एक प्रत त्यांच्या घरच्यांसाठी. फाइलवर सांगणाऱ्याचं नाव, हुद्दा, युनिट, सेवेची वर्षं, मुलाखतीची तारीख, विचारणाऱ्या वर्गाची तुकडी आणि पडताळणीत काय जुळलं नाही याचा एक वेगळा कागद असावा. सांगणाऱ्यांना राग येईल म्हणून तो कागद काढून ठेवणारे शिक्षक असतात. तो त्यांना आधीच दाखवा, बहुतेकदा ते स्वतःच त्याच्यावर आणखी दोन ओळी लिहून देतात.